तीनचाकी मालगाडीचें इंजिन वारंवार कां तापतें ?

गेल्या कांहीं वर्षांत आपल्या तालुक्यातालुक्यांतून बैलगाडीचें पुष्कळसें काम तीनचाकी मालगाडीनें आपल्याकडे घेतलें आहे. पहांटे तोडलेली कोथिंबीर, टोमॅटोचे क्रेट, दुधाच्या किटल्या, खताचीं पोतीं, लग्नसराईंत मांडवाचे वांसे, आणि वेळप्रसंगीं आजारी माणूससुद्धां ती वाहून नेते. ज्या बोळांत मोठा ट्रक शिरत नाहीं तेथें ती शिरते, आणि ज्या बांधावर तो वळत नाहीं तेथें ती वळते. असें हें उपयुक्त वाहन ज्यांच्या दारांत उभें आहे त्यांपैकीं पुष्कळांच्या तोंडून आम्हांस एकच तक्रार ऐकूं येते, ती ही कीं, ‘गाडी तापते.’ एकदां दुरुस्त करावी, महिना-दोन महिने बरी चालावी, आणि पुन्हां ऐन बाजाराच्या दिवशीं चढावर वाफेचा लोट उठावा, असा हा रोग आहे. मालक मिस्तरीस दोष देतो, मिस्तरी मालकाच्या ओझ्यास दोष देतो, आणि दोघे मिळून कारखानदारास दोष देतात. आमचें म्हणणें असें आहे कीं, बहुतेक ठिकाणीं मूळ रोग तापणें हा नसून पाणी कमी होणें हा असतो. आणि त्यावर रोज सकाळीं तांब्याभर पाणी ओतण्याचें जें औषध आपण करितों तेंच त्या रोगास पोसतें. हें कसें, तें येथें सविस्तर सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम उष्णतेचा हिशेब पाहूं. डिझेल किंवा पेट्रोल जळून जी उष्णता उत्पन्न होते तिचा ढोबळ मानानें एक तृतीयांश भाग कामीं येतो, एक तृतीयांश धुराबरोबर नळकांड्यांतून बाहेर जातो, आणि उरलेला एक तृतीयांश इंजिनाच्या धातूंत शिरतो. सिलिंडरांत स्फोट होतो त्या क्षणीं आंतील वायु २,००० अंशांच्याही वर तापलेला असतो, आणि ज्या अॅल्युमिनियमचा पिस्टन केलेला असतो तो धातु ६६० अंशांवर वितळतो. तरीही पिस्टन वितळत नाहीं, याचें कारण हेंच कीं, धातूंत शिरलेली उष्णता पाणी, हवा व तेल हीं क्षणोक्षणीं काढून नेत असतात. या तिघांपैकीं एकानें जरी काम टाकलें तरी कांहीं मिनिटांत हेड वाकडें होतें, गॅस्केट जळतें, आणि शेवटीं पिस्टन सिलिंडरांत घट्ट बसून इंजिन जाम होतें. मग दुरुस्तीचा खर्च हजारांत जातो, आणि ती होईपर्यंत बँकेचा हप्ता थांबत नाहीं कीं मळ्यांतला माल थांबत नाहीं.

ही अडचण मोटारीच्या जन्मापासूनचीच आहे. आणि मौज अशी कीं, ती पहिली मोटार तीनचाकीच होती. जर्मनींतील मानहाइम शहरच्या कार्ल बेंझ यांनीं ता. २९ जानेवारी १८८६ रोजीं ज्या गाडीचें पेटंट नोंदविलें तिला पुढें एक व मागें दोन अशीं तीन चाकें होतीं. तिच्या इंजिनाभोंवतीं पाणी असे, तें उकळे, वाफ होऊन उडून जाई, आणि उडून गेलें कीं पुन्हां भरावें लागे. सन १८८८ च्या ऑगस्ट महिन्यांत बेंझ यांच्या पत्नी बेर्था या आपल्या दोन मुलांस बरोबर घेऊन याच जातीच्या गाडींतून मानहाइमहून फोर्ट्‌सहाइम गांवीं आपल्या माहेरीं गेल्या. हें अंतर शंभर किलोमीटरांहून थोडें अधिक होतें. मोटारीनें केलेला पहिला लांबचा प्रवास तो हाच. त्या प्रवासांत इंधन एका औषधाच्या दुकानांतून घ्यावें लागलें, आणि पाणी तर वाटेंत मिळेल तेथून पुनःपुन्हां भरावें लागलें. परंतु येथें एक गोष्ट नीट ध्यानांत धरावी. बेंझ यांच्या गाडींत पाणी कमी होणें हा दोष नव्हता, ती रचनाच तशी होती. उकळून उडणाऱ्या पाण्याबरोबर उष्णता जावी अशीच योजना होती. पुढें सन १९०० च्या सुमारास विल्हेल्म मायबाख यांनीं बारीक नळ्यांचा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसणारा रेडिएटर तयार केला. त्यांत आठ हजारांहून अधिक बारीक नळ्या होत्या. तेव्हांपासून तेंच पाणी फिरून फिरून वापरतां येऊं लागलें. आजच्या आपल्या पाण्याच्या गाड्या या दुसऱ्या जातीच्या आहेत. त्यांतील पाणी बंदिस्त असतें आणि तें कमी होण्याची कांहींच सोय ठेवलेली नसते. म्हणून तुमची गाडी जर आठवड्यास लिटरभर पाणी पीत असेल, तर कोठें तरी कांहीं फुटलें आहे, फाटलें आहे, किंवा जळलें आहे, हें निश्चित समजावें. पुष्कळ मालकांस ‘गाडीला रोज पाणी लागतेंच’ असें वाटतें. आमच्या मतें सर्व अनर्थाचें मूळ या एका समजुतींत आहे.

तीनचाकी गाडीस हा रोग मोटारसायकलीपेक्षां अधिक कां जडतो, याचेंही कारण उघड आहे. मोटारसायकलीचें इंजिन उघड्यावर, वाऱ्याच्या तोंडीं असतें. तीनचाकी मालगाडींत तें बहुधा मागच्या हौद्याखालीं, दोन चाकांच्या मध्यें दडविलेलें असतें. तेथें चालत्या गाडीचा वारा नीट पोंचत नाहीं. जी कांहीं हवा मिळावयाची ती पंख्याचीच. शिवाय काळ्या रानांतून गाडी निघाली कीं चाकांचा चिखल उडून त्याच ठिकाणीं बसतो, वर तेलाचा ओलावा असतो, त्यावर कडब्याचा भुसा आणि रस्त्याची धूळ चिकटते, आणि उन्हाळ्यांत या सर्वांची भाजलेल्या विटेसारखी पपडी होते. त्यांत आपण ओझें किती घालतों तें आपणांस ठाऊक आहेच. नोंदपुस्तकांत लिहिलेल्या वजनाच्या दीडपट माल घालून चढ चढावयाचा, तर इंधनही त्या मानानें अधिक जळणार आणि उष्णताही अधिक होणार. पंखा मात्र तेवढाच, आणि चढावर वेग मंद झाल्यामुळें वाऱ्याची मदत मुळींच नाहीं.

आतां रेडिएटरच्या झांकणाकडे वळूं; कारण सर्व यंत्रांत इतका स्वस्त आणि इतका उपेक्षित भाग दुसरा नसेल. लोक त्यास डब्याच्या झांकणासारखें समजतात. वास्तविक तें स्वयंपाकघरांतील कुकरच्या शिटीचें काम करितें. समुद्रसपाटीस उघड्या भांड्यांतील पाणी १०० अंशांवर उकळतें. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून तेथें तें लवकर उकळतें. ढोबळ हिशेब असा कीं, दर ३०० मीटर उंचीस एक अंश कमी. झांकणांतील स्प्रिंग आंतील वाफेस दाबून धरते. झांकणावर ०.९ असा आंकडा कोरलेला असला तर आंतील दाब बाहेरच्या हवेपेक्षां साधारण तेवढे किलो अधिक राहतो, आणि मग तेंच पाणी ११५ अंशांच्याही वर जाईपर्यंत उकळत नाहीं. कांहीं झांकणांवर हाच आंकडा १३ असा पौंडांत असतो. झांकणाचें रबर चिरलें, किंवा स्प्रिंग मऊ झाली, कीं हा दाब जातो. आणि मग इंजिन नेहमींइतकेंच तापलें असतांही पाणी उकळून उडूं लागतें.

याचें एक उदाहरण आमच्या पाहण्यांतील आहे. वाई तालुक्यांतील एक बागायतदार आपला भाजीपाला पसरणीच्या घाटानें पांचगणीस नेत असत. बारा-तेरा किलोमीटरांची ती वाट, पण तेवढ्यांत सुमारें ६०० मीटरांची चढण आहे. खालीं वाईच्या बाजारांत, धोमच्या वाटेवर, किंवा सपाटीवर सुरूरपर्यंत गाडी कितीही हिंडली तरी तापत नसे. घाटांत मात्र वरच्या वळणांवर वाफ सोडी. पहिल्या मिस्तरीनें रबरी नळ्या बदलल्या. दुसऱ्यानें थर्मोस्टॅट काढून फेंकून दिला. तिसऱ्यानें इंजिन खोलून नवीन पिस्टन घालावा लागेल असें सांगितलें. दरम्यान मालकानें एक पाण्याचा कॅन कायमचा गाडींत ठेविला, आणि तो विंधनविहिरीवर भरून घ्यावयाचा व वाटेंत एक-दोन वेळां ओतावयाचा असा नेम केला. असें वर्षभर चाललें. शेवटीं वैशाखांतील एका दिवशीं घाटांतच हेडचें गॅस्केट जळलें. टोमॅटोचे क्रेट दिवसभर रस्त्याच्या कडेला उन्हांत राहिले, आणि संध्याकाळीं दुसरें वाहन मिळून माल वर पोंचला तेव्हां त्यास विचारणारें कोणी नव्हतें.

पुढें ज्या वृद्ध मिस्तरीकडे गाडी गेली त्यानें आयुष्यभर विहिरीवरचीं ऑइल इंजिनें दुरुस्त केलीं होतीं. त्यानें प्रथम झांकण हातांत घेतलें आणि रबरावर नख फिरविलें. रबराचा तुकडाच हातांत आला. सर्व प्रकार तेवढ्यानें उलगडला. वाईस उघडें पाणी ९७-९८ अंशांवर उकळतें, पांचगणीस ९६ च्या आसपास. चढावर भरल्या गाडीचें पाणी ९५ अंशांपर्यंत जाणें यांत गैर कांहीं नाहीं. झांकण शाबूत असतें तर वीस अंशांची मोकळीक होती; तें निकामी झाल्यामुळें एक-दोन अंशांचीच राहिली, आणि घाटाच्या माथ्यावर तीही संपे. शंभर-दोनशे रुपयांच्या वस्तूपायीं ही स्थिति झाली. पण गोष्ट येथेंच संपत नाहीं. हेड उतरविल्यावर आंत जें दिसलें तें अधिक विचार करण्याजोगें होतें. पाणी फिरण्याच्या वाटा पांढऱ्या, दगडासारख्या कठीण थरानें अर्ध्याअधिक बुजल्या होत्या. आपल्या घरच्या तांब्याच्या बंबाच्या तळाशीं बसतो तोच हा थर.

हा थर येतो कोठून ? आपल्या विंधनविहिरींच्या पाण्यांत चुन्याचे क्षार विरघळलेले असतात. पिण्याच्या पाण्यासाठीं जें भारतीय मानक आहे त्यांत पाण्याचा जडपणा लिटरास २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरी सोय नसल्यास ६०० पर्यंत चालवून घ्यावा असें म्हटलें आहे. आपल्याकडील कित्येक विंधनविहिरींचें पाणी या वरच्या मर्यादेसही पोंचतें. आतां आमच्यासारख्या दफ्तरांत जन्म घालविलेल्या माणसाच्या पद्धतीनें हिशेब मांडून पाहूं. रेडिएटर व इंजिन मिळून चार लिटर पाणी मावतें असें धरूं. असें जड पाणी एकदांच भरलें आणि तें कमी झालेंच नाहीं, तर त्यांतील एकूण क्षार २.४ ग्रॅम, म्हणजे चिमूटभर. यानें इंजिनाचें फारसें बिघडत नाहीं. पण रोज दोन लिटर पाणी वाफ होऊन उडतें आणि रोज तेवढेंच नवें ओतलें जातें, असें वर्षांतून ३०० दिवस चाललें, तर ६०० लिटर पाणी आंत गेलें. वाफेबरोबर क्षार जात नाहींत. ते मागेंच राहतात. ६०० लिटरांस दर लिटरीं ६०० मिलिग्रॅम, म्हणजे ३६० ग्रॅम ! पाव किलोहून अधिक चुनखडी त्या एवढ्याशा इंजिनाच्या पोटांत वर्षभरांत सांठली. ती सारखी पसरून बसत नाहीं हें त्याहून वाईट. जेथें धातु सर्वांत अधिक तापतो तेथेंच ती प्रथम बसते, म्हणजे हेडमध्यें धूर बाहेर पडण्याच्या व्हॉल्व्हाजवळ. आणि नेमकी तेथेंच थंडाव्याची गरज सर्वांत अधिक असते. या थरांतून उष्णता वाहून जाण्याचें प्रमाण लोखंडाच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी असतें. यास्तव पाण्याचा कांटा ठीक दाखवीत असतांही त्या थराआड धातु लाल होण्याच्या वाटेवर असूं शकतो.

तात्पर्य, झांकण बिघडल्यानें पाणी उडतें, उडालेल्या पाण्याच्या जागीं जड पाणी जातें, जड पाण्यानें थर वाढतो, थरानें इंजिन तापतें, आणि तापल्यानें आणखी पाणी उडतें. सावकाराच्या व्याजासारखें हें चक्र आहे. मिस्तरी यांतील एखादी कडी बदलतो, म्हणून महिना-दोन महिने बरें वाटतें.

तेव्हां पहिलें काम हें कीं, पाणी कोठें जातें तें शोधून काढावें. गाडी रात्रभर थंड झाल्यावर सकाळीं तिच्याखालीं कोरडा पुठ्ठा सरकवून ठेवावा. थेंब कोठें पडतो त्यावरून जागा कळते. रबरी नळ्यांच्या कड्यांपाशीं पांढरट किंवा हिरवट डाग असल्यास तेथून पाझर आहे. पाण्याच्या पंपास खालच्या अंगास एक बारीक भोंक असतें. तेथून थेंब येत असल्यास पंपाचें सील गेलें असें समजावें. कांहीं लोक तें भोंक लांबी भरून बुजवितात. हें भोंक मुद्दाम ठेविलेलें असतें. तें बुजविलें कीं पाणी पंपाच्या बेअरिंगांत शिरतें. बाहेर कोठेंही थेंब नाहीं, तरी पाणी कमी होतें, अशा वेळीं संशय हेडच्या गॅस्केटाचा घ्यावा. थंड इंजिनावर झांकण काढून गाडी चालू करावी. पाण्यांत बुडबुडे सारखे येत राहिले, किंवा नळकांड्यांतून इंजिन तापल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला, किंवा इंजिनाच्या तेलाला ताकासारखा रंग आला, तर गॅस्केट जळलें आहे, आणि त्या स्थितींत गाडी एक मैलही चालवूं नये. तेलांत पाणी गेलें असतां तेल वंगणाचें काम करीत नाहीं आणि बेअरिंगें खातात.

पाणी मुळींच कमी होत नाहीं, आणि तरीही इंजिन तापतें, असें असेल तरच पुढील गोष्टींकडे वळावें. पंख्याचा पट्टा ढिला आहे काय, आणि पंखा विजेवर चालणारा असेल तर तो वेळेवर फिरूं लागतो काय, हें पाहावें. रेडिएटरच्या पात्यांमध्यें भुसा व माती अडकली असल्यास ती पंख्याच्या बाजूनें, हवा ज्या दिशेनें जाते तिच्या उलट, हलक्या धारेनें धुवावी. मोटार धुण्याच्या यंत्राची जोराची धार जवळून मारल्यास पातीं मोडतात आणि वाट कायमची बंद होते. थर्मोस्टॅट काढून टाकण्याची जी चाल पडली आहे तिच्याविषयीं आमचें मत प्रतिकूल आहे. तो भाग इंजिन गार असतांना पाण्याची वाट अडवितो आणि तें ऊबदार झालें कीं उघडतो. तो काढला तर इंजिन हिंवाळ्यांत तासभर गारच राहतें, डिझेल अधिक पितें, धूर सोडतें व झिजतें. शिवाय कित्येक इंजिनांत तो उघडतांना एक आडवाट बंद करीत असतो. तो नसला कीं कांहीं पाणी रेडिएटरांत न जातां त्या आडवाटेनेंच परत इंजिनांत येतें, आणि थंडावा वाढण्याऐवजीं कमी होतो. थर्मोस्टॅट खरा कीं खोटा हें घरींच पाहतां येतें. पातेल्यांत पाणी घेऊन त्यांत तो दोरीनें टांगावा व चुलीवर ठेवावें. त्यावर उघडण्याचे अंश कोरलेले असतात. पाणी उकळूं लागलें तरी तो उघडला नाहीं तर निःसंशय टाकून द्यावा.

याखेरीज कांहीं कारणें पाण्याशीं संबंध नसलेलीं असतात, आणि तीं पुष्कळदां सुटतात. मागच्या चाकाचा ब्रेक चिकटून राहिला, क्लच घसरूं लागला, हवेची गाळणी धुळीनें कोंदली, इंजिनांत तेल कमी पडलें, किंवा डिझेल सोडण्याची वेळ मागेंपुढें झाली, तरी इंजिन तापतें. ब्रेकचें तर अगदीं सोपें आहे. सपाट जागीं गाडी गिअर काढून एका माणसानें ढकलून पाहावी. ती सहज न सरकल्यास इंजिनाकडे जाण्यापूर्वीं चाकांकडे जावें.

आंत थर बसलाच असेल तर तो काढावयाचा कसा ? यासाठीं लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अॅसिड, हें किराणा दुकानांत मिळणारें द्रव्य बरें. दर लिटर पाण्यास सुमारें ५० ग्रॅम या मानानें विरघळवून तें थंड इंजिनांत भरावें, अर्धा तास इंजिन हलकें चालवावें, नंतर पूर्ण निवूं द्यावें, आणि गढूळ पाणी सोडून स्वच्छ पाण्यानें दोन-तीन वेळां धुवावें. थर जुना असल्यास हेंच पुन्हां करावें. संडास धुण्याचें जहाल अॅसिड, कॉस्टिक सोडा किंवा धुण्याचा सोडा कोणी कितीही सांगितला तरी वापरूं नये. हल्लींच्या इंजिनांत व रेडिएटरांत अॅल्युमिनियम असतें, आणि तें या द्रव्यांनीं खाल्लें जातें. एक गोष्ट आधींच सांगून ठेवितों. ज्या जुन्या रेडिएटरास थरामुळेंच भोंकें बुजलीं होतीं तो थर गेल्यावर गळूं लागेल. यांत औषधाचा दोष नाहीं.

त्यानंतर भरावयाचें तें विंधनविहिरीचें पाणी नव्हे, तर कारखान्यानें पुस्तकांत सांगितलेलें कूलंट. यांत एथिलीन ग्लायकोल नांवाचा द्रव व गंज न लागूं देणारीं द्रव्यें असतात. पाण्यांत निम्मेंनिम्म मिसळलें असतां उघड्या हवेंतही त्याचा उकळबिंदु सात-आठ अंशांनीं वर जातो. घट्ट कूलंट आणल्यास तें पाणी न घालतां भरूं नये. नुसत्या ग्लायकोलपेक्षां पाणीच उष्णता अधिक वाहून नेतें. मिसळण्यासाठीं बॅटरीच्या दुकानांत मिळतें तें ऊर्ध्वपातित पाणी घ्यावें, आणि तें न मिळाल्यास श्रावणांत पागोळ्यांचें पहिलें पाणी जाऊं देऊन नंतरचें गाळून ठेविलेलें पाणीही चालेल. रंगावरून जात ठरवूं नये; हिरवें तें सर्व एक व तांबडें तें सर्व एक, असें नसतें. ठरलेल्या मुदतीनंतर, गळत नसलें तरी, तें बदलावें, कारण गंज रोखण्याचा गुण कालांतरानें संपतो.

येथें शेतकऱ्यानें विशेष ध्यानांत ठेवावी अशी एक गोष्ट आहे. एथिलीन ग्लायकोल चवीस गोड असतें आणि तें जबर विष आहे. काढलेलें जुनें कूलंट गोठ्याजवळ सांडलें किंवा उघड्या घमेल्यांत राहिलें, तर वासरूं, शेळी, कुत्रें, प्रसंगीं लहान मूलही गोडीनें तें पितें, आणि मूत्रपिंडें निकामी होऊन प्राणास मुकतें. तें झांकणाच्या डब्यांत भरून, वर नांव लिहून, गॅरेजमध्यें परत द्यावें; विहिरीजवळ किंवा ओढ्यांत ओतूं नये. सांडलेच तर वर माती टाकून ती माती उचलावी.

वाऱ्यावर थंड होणाऱ्या जुन्या तीनचाकी अद्याप खेड्यापाड्यांतून पुष्कळ आहेत. या जातीचा मूळपुरुष म्हणजे इटलींतील पियाज्यो कंपनीनें सन १९४८ मध्यें काढलेली, कोर्रादिनो दास्कानियो या अभियंत्यानें व्हेस्पा स्कूटरवरून बेतलेली ‘आपे’ गाडी. इटालियन भाषेंत आपे म्हणजे मधमाशी. त्याच नांवाच्या गाड्या पुढें आपल्या बारामतीस तयार होऊं लागल्या. वाऱ्याच्या इंजिनांत पाण्याची कटकट नाहीं, पण त्याऐवजीं सिलिंडर व हेड यांवरील पातळ पंखांच्या मधल्या फटी मोकळ्या राहिल्या पाहिजेत. महिन्यांतून एकदां लांकडाच्या पातळ चिपेनें व ब्रशानें त्या फटी साफ कराव्या, आणि जेथून तेल पाझरतें तेथें आधीं बंदोबस्त करावा. पंख्याभोंवतीं जो पत्रा असतो तो ‘हवा लागावी’ म्हणून काढून टाकणारे मिस्तरी आहेत. त्या पत्र्यामुळेंच पंख्याची हवा हेडवर जाते. तो नसेल तर ती चोहोंकडे पसरून वायां जाते. तापलेल्या इंजिनावर बादलीनें पाणी मारूं नये, ओतीव धातूस तडा जातो. या इंजिनांत थंडाव्याचा मोठा वांटा तेलाकडे असल्यामुळें तेलाची पातळी रोज पाहावी.

घाटांत गाडी तापलीच तर काय करावें, हें मालकानें जातीनें ड्रायव्हरास शिकवावें. कांटा वर चढूं लागतांच वेग आणखी मारूं नये आणि वरच्या गिअरांत इंजिन धापा टाकीतही ठेवूं नये. चढ लागण्याच्या आधींच खालचा गिअर घ्यावा. पाणी शिल्लक आहे व वाफ निघत नाहीं असें असल्यास सावलींत उभें राहून इंजिन जरा जलद रिकामें चालूं द्यावें, म्हणजे पंप व पंखा उष्णता काढून नेतात. वाफ निघूं लागली असेल तर मात्र तात्काळ बंद करावें. त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाच्या आंत झांकणास हात लावूं नये. दाबाखालचें पाणी झांकण उघडतांच एकदम उकळून कारंज्यासारखें तोंडावर येतें. कुकरचें झांकण जोरानें उघडावें तसाच तो प्रकार. यापायीं तोंड, छाती व हात भाजलेलीं माणसें आम्हीं पाहिलीं आहेत, आणि त्यांपैकीं एका तरुणाचा एक डोळा कायमचा गेला. रेडिएटर हातास सोसेल इतका निवल्यावर जाड पोत्याची घडी झांकणावर टाकावी, तोंड बाजूस करावें, झांकण पहिल्या खांचेपर्यंतच फिरवावें, फुसफुस थांबूं द्यावी, आणि मग पूर्ण काढावें. इंजिन चालू करून पाणी बारीक धारेनें ओतावें. वाटेंत जें मिळेल तें पाणी त्या वेळीं घालण्यास हरकत नाहीं. पण घरीं येतांच तें काढून टाकावें, नाहींतर वर सांगितलेल्या व्याजाचा आरंभ तेथूनच होतो.

शेवटीं आपल्या मंडळापुढें एक सूचना ठेवितों. रेडिएटरची परीक्षा करण्याचा एक हातपंप मिळतो. त्यास दाबाचा कांटा असतो. तो झांकणाच्या जागीं बसवून झांकणावर कोरलेल्या आंकड्याइतका दाब थंड इंजिनांत भरावयाचा, आणि कांटा खालीं येतो काय तें पांच-दहा मिनिटें पाहावयाचें. बाहेर न दिसणारी गळतीही यानें कळते, आणि जोडतुकडा लावून खुद्द झांकणाची परीक्षाही त्याच पंपानें होते. एकेका मालकानें तो विकत घ्यावा इतकें त्याचें काम पडत नाहीं. सोसायटीच्या गोदामांत फवारणीचे पंप जसे भाड्यानें देण्यासाठीं ठेवितात तसा हा एक ठेवावा, बरोबर वेगवेगळ्या तोंडांचे जोडतुकडे घ्यावे, आणि कोणत्या गाडीची परीक्षा कोणत्या दिवशीं झाली व किती पाणी कमी भरलें याची नोंद करण्यास एक वही त्याला दोरीनें बांधून द्यावी. पावसाळ्यानंतर माल वाढतो. त्यापूर्वीं गणेशचतुर्थीच्या सुमारास सर्व सभासदांच्या गाड्यांची एक परीक्षा होऊन जाणें सोयीचें पडेल.